जामसरचा उतार आणि खेळाचा हक्क

गेल्या उन्हाळ्यात जव्हार तालुक्यातील जामसर येथे जाण्याचा योग आला. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात शिक्षक आहे. त्याचे आग्रहाचे बोलावणे होते. दुपारची वेळ होती. रस्त्याच्या उतारावरून तीन मुले एका फळीवर बसून सुसाट खाली येत होती. फळीखाली दोन आडवे दांडके, दांडक्यांच्या टोकांना गॅरेजातून मिळविलेल्या जुन्या बेअरिंगा, आणि पुढच्या दांडक्याला लगामासारखी बांधलेली सुतळी. चाळीत वाढलेल्या माझ्या पिढीला ही ‘बेअरिंगची गाडी’ समजावून सांगावी लागत नाही. तिचा तो डांबरावरचा खरखराट पन्नास वर्षांनीही कानांनी लगेच ओळखला. इतक्यात वळणावरून मालमोटार आली. मुलांनी टाचा घासून गाडी गटारात घातली, मोटार जाऊ दिली, आणि फळी खांद्यावर टाकून पुन्हा चढणीला लागली. रस्त्याच्या कडेला नऊ-दहा वर्षांची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन हे सारे पाहत उभी होती. मी तेथे अर्धा तास होतो. तेवढ्या वेळात तिचा नंबर काही आला नाही.

संध्याकाळी चार जाणत्या मंडळींत बसलो असता मी बोलून गेलो की, या मुलांसाठी गावात एखादी गुळगुळीत सिमेंटची जागा असावी, थोडे चढउतार असलेली, जेथे मालमोटारीचे भय नाही. आणि गाडीऐवजी त्यांना स्केटबोर्ड मिळावेत. सभेत क्षणभर शांतता पसरली. मग एक अनुभवी कार्यकर्ते म्हणाले, “सर, इथे पोरं कुपोषणानं मरतात. तुम्ही हे काय अमेरिकेचं खूळ काढलंत?”

हा आक्षेप चेष्टेवारी नेण्याजोगा नाही. तो ज्यांच्या तोंडी आला त्यांनी या तालुक्यात आयुष्य झिजविलेले आहे. जव्हारमधील वावर-वांगणीचे बालमृत्यू १९९२-९३ मध्ये महाराष्ट्राच्या चव्हाट्यावर आले. त्यानंतर जवळजवळ पाव शतकाने, २०१६ मध्ये, शेजारच्या मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. अशा मुलखात खेळाच्या जागेची भाषा करणाऱ्याने आपली बाजू नीट मांडलीच पाहिजे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, खेळाडू नाही. स्केटबोर्डवर पाय ठेवण्याचे माझे वयही नाही. तेव्हा माझ्या विषयाच्या अंगानेच बोलतो.

प्रथम वस्तू कोणती ते स्पष्ट करू. आपल्या शहरांतील रिंकांवर मुले पायांत चाकांचे बूट घालून गोल गोल फिरतात, ते स्केटिंग निराळे. स्केटबोर्ड म्हणजे सुमारे अडीच फुटांची लाकडी फळी व तिच्याखाली चार लहान चाके. खेळणारा तिच्यावर उभा राहतो, एका पायाने जमिनीला रेटा देतो, आणि उतार, कठडा, पायरी यांच्याशी झुंजत आपला तोल शिकतो. कॅलिफोर्नियातील समुद्रलाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या मुलांनी १९५० च्या सुमारास हा खेळ जमिनीवर आणला. पुढे १९७६-७७ च्या दुष्काळात तेथील बंगल्यांतले पोहण्याचे हौद कोरडे पडले आणि या मुलांनी भिंती ओलांडून त्या गोलाईदार हौदांत खेळ सुरू केला. आज जगभर जी गोलाईदार मैदाने बांधली जातात त्यांचा आकार त्या रिकाम्या हौदांवरून आलेला आहे. श्रीमंतांच्या वापरातून सुटलेल्या जागेवर बिनपैशाच्या मुलांनी केलेले ते अतिक्रमणच होते, हे आपल्या वाचकांनी ध्यानात घ्यावे.

त्यानंतरचा इतिहास अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. मुलांची ओढ पाहून भांडवलदारांनी तिकीट लावून चालणारी खाजगी मैदाने अमेरिकेत व ब्रिटनमध्ये उभारली. चारपाच वर्षांत त्यांतील बहुतेक बंद पडली. विम्याचे हप्ते वाढले, लाट ओसरताच गल्ला आटला, आणि जमिनीला अधिक भाव देणारे गिऱ्हाईक मिळाले. खेळ मात्र मेला नाही. तो पुन्हा रस्त्यावर, जिन्यांवर, पुलांखाली गेला आणि तेथे पोलिसांच्या दंडुक्याचा धनी झाला. ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड शहरात १९९० मध्ये बर्नसाइड पुलाखालच्या पडीक जागेत मुलांनी कोणाचीही परवानगी न घेता, स्वतः सिमेंट कालवून मैदान बांधायला घेतले. नगर प्रशासनाने पुढे ते मान्य केले. कॅलिफोर्नियात १९९० च्या दशकाच्या अखेरीस कायदा बदलून या खेळाला जोखमीचा खेळ ठरविण्यात आले, त्यामुळे इजेबद्दलच्या दाव्यांचे नगरपालिकांवरील ओझे हलके झाले, आणि मग गावोगावी सार्वजनिक मैदाने झाली. बाजाराला जे टिकविता आले नाही ते सार्वजनिक संस्थांनी टिकविले. बाजाराचे गोडवे गाणाऱ्यांच्या माहेरघरी हे घडावे, यातली गंमत मला लपविता येत नाही.

लंडनमध्ये थेम्सकाठी साउथबँक येथे एका कलाकेंद्राच्या पोटातील ओसाड तळघरवजा जागेत १९७० च्या दशकापासून मुले खेळत आली होती. २०१३ मध्ये तेथे दुकाने व उपाहारगृहे काढण्याचा बेत पुढे आला. भाड्याच्या उत्पन्नातून कलेला मदत होईल, असा मोठा सुसंस्कृत युक्तिवाद त्यामागे होता. मुलांनी व नागरिकांनी दीड वर्ष चळवळ केली आणि २०१४ मध्ये ती जागा खेळासाठी राखून ठेवण्याचा करार झाला. आपल्याकडे मुंबईत मरीन ड्राइव्हच्या कडेला समुद्राकडे तोंड करून जिमखाने रांगेने उभे आहेत. सार्वजनिक जमिनीवर सभासदांचा खेळ म्हणजे काय ते पाहायचे असेल तर तेथे फेरफटका मारावा. खेळाच्या जागेचा प्रश्न हा जमिनीचा प्रश्न असतो, आणि जमिनीचा प्रश्न म्हटला की वर्ग आलाच.

आता जव्हारकडे वळू. दिवाळी झाली, भात-नागली-वरईचे जे काय हाती यायचे ते आले, की या डोंगरातली कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणच्या वीटभट्ट्यांवर आणि इमारतींच्या कामांवर उतरतात. बरोबर मुलेही जातात. ठाणे-वसई पट्ट्यात जी नवी गृहसंकुले उभी राहतात त्यांच्या जाहिरातींत पोहण्याचा तलाव, क्लबहाउस आणि स्केटिंग रिंक यांची चित्रे असतात. त्या रिंकेचे काँक्रीट कोणी ओतले? बहुधा जव्हार-मोखाड्याच्याच कुणी बापाने, आणि त्याचे मूल त्या वेळी खडीच्या ढिगावर बसलेले होते. संकुल पूर्ण झाले, रखवालदार बसला, की त्या मुलाला फाटकाच्या आत पाऊल टाकता येत नाही. ज्या हातांना ही गोष्ट दुसऱ्यांसाठी रोजंदारीवर करता येते त्यांनी ती आपल्या मुलांसाठी मागितली की तिला खूळ म्हणायचे, हा न्याय मला समजत नाही.

कुपोषणाच्या आक्षेपाकडे सरळ पाहू. पोटात अन्न नसेल तर मूल खेळत नाही, निपचित बसते. हे कोणत्याही अंगणवाडी सेविकेला ठाऊक आहे. म्हणूनच खेळाच्या जागेची मागणी ही अन्नाच्या मागणीच्या आड येत नाही. उलट ती अन्नाच्या योजनेची उलटतपासणी आहे. सरकारदरबारी आदिवासी मुलाचे वजन होते, दंडाचा घेर मोजला जातो, आणि अंडी व खिचडी यांचा हिशेब लागतो. २०१५ मध्ये अनुसूचित क्षेत्रात अमृत आहार योजना सुरू झाली तिचे मी स्वागतच करतो. परंतु या साऱ्या हिशेबात मूल म्हणजे जिवंत ठेवायची एक संख्या आहे. ते हसते काय, धावते काय, हे कोणत्याच रकान्यात येत नाही. गरिबाला जगण्यापुरते द्यावे आणि त्यापलीकडचे सारे चैन समजावे, ही विचारसरणी आमच्या शत्रुपक्षाची आहे. किमान वेतन ठरविताना मालक हेच म्हणत आले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुटी मागितली तेव्हाही पोटाला नसताना सुटी कसली, असे विचारणारे होतेच. ती सुटी १८९० मध्ये मिळाली आणि पोटाचा लढा काही त्यामुळे थांबला नाही. आमच्या चळवळीला खेळाचे वावडे कधीच नव्हते. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा १९४१ पासून गाण्यांवर आणि खेळांवरच उभ्या राहिल्या. आपण मधल्या काळात गंभीर झालो, एवढेच.

“पण स्केटबोर्डच का? कबड्डी आहे, खोखो आहे,” असे कोणी म्हणेल. कबड्डी-खोखोला माझा पाठिंबा आहे, आणि बालकांच्या सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले आहे ते आधी मिळालेच पाहिजे. परंतु मैदानावर काय घडते ते खेड्यात राहणाऱ्याने सांगावे. मैदान झाले की दोन महिन्यांत ते क्रिकेट खेळणाऱ्या थोराड मुलांचे होते. मुली कडेला उभ्या राहतात. लहानांना चेंडू आणून देण्याचे काम मिळते. स्केटबोर्डला संघ लागत नाही, प्रतिस्पर्धी लागत नाही, शिट्टी वाजविणारा गुरुजीही लागत नाही. दहा मुलांना दोन फळ्या असल्या तरी खेळ चालतो, कारण एक जण पडेपर्यंत बाकीचे पाहतात आणि पाहता पाहता शिकतात. दांडगाईला तेथे फारसा उपयोग नाही. हलक्या अंगाच्या, तोल सांभाळणाऱ्या मुलाला येथे फायदाच होतो, आणि डोईवर हंडा घेऊन डोंगर उतरणाऱ्या मुलीइतका तोल कोणाला साधलेला असतो?

हे मी कल्पनेने बोलत नाही. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात जनवार नावाचे एक लहान गाव आहे. गोंड आदिवासी आणि यादव अशी तेथील वस्ती. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तेथे स्केटबोर्डचे मैदान उभे केले. नियम दोनच ठेवले. शाळेत गेले नाही तर फळी नाही, आणि मुलींचा नंबर पहिला. जातीची मुले एकमेकांच्या फळ्या वापरू लागली. ही गोष्ट भाषणांनी घडली नसती. तेथलीच आशा गोंड ही मुलगी २०१८ मध्ये चीनमधील नानजिंग येथे जागतिक स्पर्धेत भारतातर्फे उतरली. आपल्या राज्यापुरते सांगायचे तर २०२२ मध्ये गुजरातेत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत पुण्याच्या श्रद्धा गायकवाड हिने या खेळात सुवर्णपदक मिळविले. ऑलिंपिकमध्ये हा खेळ टोकियोपासून, म्हणजे प्रत्यक्षात २०२१ पासून, आहे. पदकांची ही यादी मी आक्षेप घेणाऱ्यांसाठी दिली. माझ्या स्वतःच्या लेखी तिला फारसे महत्त्व नाही. जामसरच्या पोरीने पदक आणावे म्हणून तिला खेळू द्यायचे असेल तर तो पुन्हा गुंतवणुकीवरील परताव्याचाच हिशेब झाला.

जनवारपासून घ्यायचा बोध मात्र दुहेरी आहे. काय होऊ शकते हे त्या गावाने दाखविले. त्याचबरोबर ते एका परदेशी व्यक्तीच्या जिद्दीतून आणि देणग्यांतून झाले, हेही विसरता कामा नये. दात्याचा उत्साह ही सार्वजनिक धोरणाची जागा घेऊ शकत नाही. राजस्थानात एका चित्रपटासाठी असेच मैदान बांधले गेले व चित्रीकरणानंतर ते मुलांसाठी ठेवले, ही चांगली गोष्ट. परंतु प्रत्येक तालुक्याने आपल्याकडे चित्रपटवाले कधी येतात याची वाट पाहावी काय? जव्हारला तर आणखी एक धोका आहे. थंड हवेचे ठिकाण म्हणून शनिवार-रविवारी मुंबईच्या मोटारी येथे येतात. उद्या कोणी उद्योजक पर्यटकांसाठी झकपक मैदान काढील, तिकीट लावील, आणि आदिवासी मुले तेथे फोटोत दिसण्यापुरती आत घेतली जातील. तारप्याचे आणि चित्रांचे असेच झाले आहे. त्यापेक्षा मैदान नसलेले परवडले.

म्हणून जागा ग्रामसभेची, पैसा सार्वजनिक, प्रवेश मुक्त. यासाठी आकाशातून काही आणावयाचे नाही. जव्हार आणि मोखाडा हे तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने येथील ग्रामसभांना अधिकार दिले आहेत, आणि आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट पेसा ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला. तो कशावर खर्चावा हे ग्रामसभेने ठरवायचे असते आणि पायाभूत सुविधा हा त्यातील एक भाग आहे. मुलांची खेळाची जागा त्यात बसते, असे माझे मत आहे. ग्रामीण रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याखालीही खेळाची मैदाने हे मान्य काम होते. महाराष्ट्राने तर त्याआधी तीस वर्षे रोजगार हमीची वाट देशाला दाखविली. खुद्द जव्हार शहराला १९१८ पासूनची नगरपरिषद आहे. बारा हजारांच्या आसपास वस्तीच्या शहराला (२०११ च्या जनगणनेचा आकडा) एक असे मैदान पुरे. जामसरसारख्या मोठ्या गावाला लहानसे.

तांत्रिक बाजू साधी वाटते, पण फसवी आहे. मुरूम-खडीचा दाबलेला पाया, जाळी घातलेला काँक्रीटचा थर, पाण्याला वाट, आणि वरचा हात गवंड्याने जीव ओतून फिरविलेला. स्केटबोर्डची चाके जेमतेम दोन इंचांची असतात. वाटाण्याएवढा खडा आला तरी चाक अडते आणि स्वार तोंडावर पडतो. म्हणजे सिमेंट खाल्ले गेले असेल तर त्याचा अहवाल पहिल्याच दिवशी आठ वर्षांचे पोर देईल. आपल्या सार्वजनिक बांधकामांत इतका निःस्पृह तपासनीस दुसरा मिळणार नाही. गोलाईचे काम शिकलेले कारागीर देशात आता आहेत. त्यांतला एखादा बोलावून गावच्या गवंड्यांनी त्याच्या हाताखाली काम करावे. तयार झालेले कौशल्य गावातच राहील.

पावसाचे चार महिने या डोंगरात जागा ओलीच राहणार, तेव्हा खेळ बंद. सुगीत कोणी तेथे भात वाळत घालील, मुले रागावतील, भांडणे होतील. होऊ द्यावीत. निम्मी जागा सपाट ठेवली तर लग्नसराईत तारप्याचा फेरही तेथे धरता येईल. फळ्या कोणाच्या मालकीच्या नसाव्यात. शाळेत किंवा वाचनालयात ठेवाव्यात आणि पुस्तकासारख्या वहीत नोंदवून द्याव्यात. महाराष्ट्राने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तेव्हा वाचकाने पुस्तक विकत घेतलेले असावे अशी अट घातली नव्हती. डोक्याला टोप आणि गुडघ्यांना पट्टे मात्र फळीबरोबरच द्यावेत. हाडे मोडतील, मनगटे दुखावतील, हे खरे आहे. जामसरला प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जव्हारला कुटीर रुग्णालय आहे. तेथे क्ष-किरणाचे यंत्र आणि ते चालविणारा माणूस दोन्ही हजर असावेत, ही मागणी या निमित्ताने अधिक जोराने करता येईल. मालमोटारीच्या उतारावर आजही मुले खेळतच आहेत, आणि तेथे मोडते ते मनगटावर थांबत नाही.

एक अडचण मला खरोखर कठीण वाटते, ती वेळेची. महाराष्ट्रात ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. जानेवारीत निम्मे गाव भट्ट्यांवर असते. त्या सभेत मुलांच्या बाजूने बोलायला आईबाप नसतात. ऑगस्टात आवणीची धांदल. उरते ती २ ऑक्टोबरची सभा, जेव्हा माणसे गावात असतात आणि मुकादमांच्या उचली नुकत्याच वाटल्या जाऊ लागलेल्या असतात. ठराव त्या दिवशी झाला आणि काम दिवाळीनंतर लगेच सुरू झाले, तर खडी फोडण्या-वाहण्याच्या मजुरीपुरती काही कुटुंबे तरी त्या हंगामात खाली उतरणार नाहीत. किती, ते मजुरीचा दर आणि ती वेळेवर मिळते की नाही यावर राहील. माझ्या विद्यार्थ्याला मी तसे कळविले आहे. त्याने उत्तरी लिहिले की, सभेला मुलांनाही बसू द्यावे काय असा प्रश्न निघाला आहे, आणि ती कडेवर भाऊ घेतलेली मुलगी कोणत्या पाड्यावरची, हे तो शोधून ठेवील.